दहा मिनिटांचे वर्तुळ : स्टेशन, जमीन आणि शहराची वाढ



रेल्वे स्टेशनांच्या नावांत कधी कधी 'रोड' हा शब्द येतो. नाशिकरोड हे नाव तुम्हांला ठाऊक आहे. पुणे-मिरज लोहमार्गावरही पूर्वी अशी दोन नावे होती : सातारा रोड आणि कुंडल रोड. हा 'रोड' तेथे कशासाठी? त्याचा अर्थ अगदी साधा आहे. गाव येथे नाही, येथून गावाकडे रस्ता जातो, एवढेच ते नाव सांगते. नाशिकरोड स्टेशन मूळ नाशिक शहरापासून आठ-नऊ किलोमीटरांवर आहे, तर सातारा रोड स्टेशन साताऱ्यापासून पंधरा किलोमीटरांहूनही दूर होते.

स्टेशन गावापासून लांब असेल तर काय घडते, स्टेशनाभोवतीच गाव वसवले तर काय घडते आणि आज वाढणाऱ्या आपल्या शहरांना यातून काय शिकता येईल, याचा विचार या लेखात करू. त्यासाठी लागणारे गणित आणि भौतिकशास्त्र तुमच्या आठवी ते दहावीच्या पुस्तकांत आहे.

रूळ गावाबाहेर का राहिले?

सदर्न मराठा रेल्वे कंपनीने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पुण्याहून मिरजेमार्गे दक्षिणेकडे मीटरगेज मार्ग टाकला. मिरज-कोल्हापूर हा फाटा १८९१ मध्ये सुरू झाला. लोहमार्ग आखणारा अभियंता आधी जमिनीचा चढ-उतार पाहतो. पोलादी चाक पोलादी रुळावर अगदी सहज गडगडते, पण त्याच कारणाने त्याची पकड कमी असते आणि ते चढ चढताना घसरते. मोटार जो घाट चढते, तो आगगाडीला झेपत नाही. त्यातच मोठ्या नदीवर पूल बांधणे खर्चाचे असते.

आता आपली गावे पाहा. सातारा शहर अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी, डोंगरांच्या कुशीत आहे. कराड हे कृष्णा-कोयनेच्या संगमावर आहे. जुनी गावे किल्ल्याचा आसरा आणि नदीचे पाणी पाहून वसली होती, तर रुळांनी सपाटी आणि काटकसर पाहिली. त्यामुळे दोघांची भेट चुकली. कराडचे स्टेशन आजही कृष्णेपलीकडे ओगलेवाडीला आहे. पुणे-मिरज मार्ग १९७१ च्या सुमारास ब्रॉडगेज झाला, तेव्हा मार्ग वळवून साताऱ्यासाठी माहुलीजवळ नवे स्टेशन झाले. पूर्वीपेक्षा ते बरेच जवळ आले, तरी शहराच्या मध्यापासून पाच-सहा किलोमीटर दूर राहिलेच. जुने 'सातारा रोड' आज स्टेशन म्हणून नव्हे, तर गाव म्हणून ओळखले जाते.

माळावर उगवलेल्या वाड्या

स्टेशन गावात आले नाही, तेव्हा काही कल्पक माणसांनी उलटा विचार केला आणि स्टेशनापाशीच गाव वसवले.

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांना बेळगावातील आपला नांगरांचा कारखाना हलवावा लागला. औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना कुंडल रोड स्टेशनाजवळची माळरानाची जमीन देऊ केली. १९१० साली तेथे कारखाना उभा राहिला. जमीन खडकाळ होती आणि तिच्यावर निवडुंग माजला होता. शेतीच्या दृष्टीने तिला मोल नव्हते. पण तिच्याजवळ एक गोष्ट होती, ती म्हणजे आगगाडी. कच्चे लोखंड आणि कोळसा गाडीने यायचा, तयार नांगर आणि चरक गाडीने जायचे. कारखान्याभोवती कामगारांची घरे, शाळा, दुकाने झाली. 'किर्लोस्कर' मासिकही १९२० पासून येथूनच निघू लागले. पुढे स्टेशनाचेच नाव बदलले आणि 'कुंडल रोड'चे 'किर्लोस्करवाडी' झाले.

कराड स्टेशनाजवळ ओगले बंधूंनी १९१६ मध्ये काच कारखाना काढला. त्यांचा 'प्रभाकर' कंदील घरोघरी गेला आणि स्टेशनाभोवती ओगलेवाडी वसली. सातारा रोडला धनजीशा कूपर यांचा नांगर आणि इंजिने बनवणारा कारखाना उभा राहिला.

'रोड' आणि 'वाडी' या दोन शब्दांतला फरक लक्षात घ्या. 'रोड' म्हणजे वाहन करून गाठायचे स्टेशन आणि 'वाडी' म्हणजे पायी गाठायचे स्टेशन. सार्वजनिक वाहतुकीभोवती शहर वसवण्याचे जे शास्त्र आज जगभर शिकवले जाते, त्याचे सार या फरकात आले.

गाडी थांबण्याची किंमत

तुम्ही म्हणाल, मग सरळ प्रत्येक किलोमीटरला एक स्टेशन का करू नये? याचे उत्तर गतिज ऊर्जेच्या सूत्रात आहे. गतिज ऊर्जा म्हणजे वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, याच्या निम्मे.

समजा, ५०० टन वजनाची गाडी ताशी ७२ किलोमीटर वेगाने चालली आहे. ५०० टन म्हणजे ५,००,००० किलोग्रॅम आणि ताशी ७२ किलोमीटर म्हणजे सेकंदाला २० मीटर. तेव्हा गतिज ऊर्जा = १/२ × ५,००,००० × २० × २० = १०,००,००,००० जूल, म्हणजे दहा कोटी जूल. विजेच्या एका युनिटमध्ये ३६ लाख जूल असतात. म्हणून ही ऊर्जा सुमारे २८ युनिट झाली. साध्या ब्रेकने गाडी थांबवली की ही सगळी ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते आणि पुन्हा वेग घेताना ती नव्याने पुरवावी लागते. नव्या विद्युत गाड्या ब्रेक लावताना यातील काही भाग परत तारेत सोडतात, पण सगळा नाही. शिवाय दर थांब्याला दोन-तीन मिनिटे जातात ती निराळीच.

म्हणून स्टेशने मोजकी असतात. स्टेशने मोजकी, म्हणून त्यांच्यालगतची जमीनही मोजकी. ती वाढवता येत नाही. अशा जमिनीवर काय करायचे हा निर्णय एकदा चुकला, की पुढील दोन पिढ्यांना तो निस्तरावा लागतो. घरे, रस्ते आणि भिंती एकदा उभ्या राहिल्या की सहसा पन्नास-साठ वर्षे हलत नाहीत.

दहा मिनिटांचे वर्तुळ

ही 'लगतची जमीन' किती? माणूस सहज चालतो तेव्हा मिनिटाला सुमारे ८० मीटर जातो. दहा मिनिटांपर्यंत चालायला बहुतेक लोक कुरकुर करीत नाहीत. त्याहून दूर असेल तर ते रिक्षा पाहतात किंवा दुचाकी काढतात, आणि एकदा दुचाकी काढली की मग थेट कामाच्या ठिकाणीच जातात. भारत सरकारने २०१७ मध्ये या विषयावर राष्ट्रीय धोरण जाहीर केले. त्यातही स्टेशनाचे प्रभावक्षेत्र सुमारे ५०० ते ८०० मीटर, म्हणजे दहा-बारा मिनिटांच्या चालीचे धरले आहे.

आपण ८०० मीटर त्रिज्या घेऊ. वर्तुळाचे क्षेत्रफळ = ३.१४ × ८०० × ८०० = सुमारे २०,१०,००० चौरस मीटर. दहा हजार चौरस मीटरांचा एक हेक्टर होतो, तेव्हा हे क्षेत्र २०१ हेक्टर झाले. सोयीसाठी २०० म्हणू.

आता ५०,००० लोकवस्तीचा एक नवा भाग वसवायचा आहे असे समजा. दोन पद्धती पाहू.

पहिली पद्धत : हेक्टरी २०० माणसे. यात तीन-चार मजली घरे, मध्ये अंगण, शाळा, बाग हे सर्व बसते. लागणारी जमीन २५० हेक्टर. तेवढ्या वर्तुळाची त्रिज्या सुमारे ८९० मीटर येते. म्हणजे सर्वांत दूरचा माणूस अकरा मिनिटांत स्टेशनावर पोचतो.

दुसरी पद्धत : हेक्टरी ५० माणसे. सुटे प्लॉट, मोकळ्या जागा, काही प्लॉट भाव वाढण्याची वाट पाहत रिकामेच. लागणारी जमीन १,००० हेक्टर. त्रिज्या सुमारे १,७८० मीटर आणि चाल बावीस मिनिटांची.

येथे एक गोष्ट पाहा. दाटी चौपटीने कमी केली, तर अंतर चौपट न होता दुप्पट झाले, कारण क्षेत्रफळ त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. पण ही 'फक्त दुप्पट' वाढच घात करते. अकरा मिनिटे माणूस चालतो, बावीस मिनिटे चालत नाही. आणि दोन्ही पद्धतींतील जमिनीचा फरक ७५० हेक्टर, म्हणजे साडेअठराशे एकरांहून अधिक आहे. कृष्णाकाठी ही जमीन म्हणजे ऊस, हळद आणि द्राक्षांची शेते होत. पसरट वाढीत आधी ही शेते जातात, नंतर पायी चालणे जाते आणि शेवटी बसला प्रवासी मिळेनासे होतात.

वर्तुळ आकसते कशाने?

कागदावर कंपासने वर्तुळ काढणे सोपे आहे. पण माणूस पक्ष्यासारखा सरळ रेषेत जात नाही, त्याला रस्त्याने जावे लागते. समजा, सर्व रस्ते उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम असे काटकोनात आहेत. मग ८०० मीटर चालून जेथे पोचता येईल अशा बिंदूंचे क्षेत्र वर्तुळ न राहता टोकावर उभा केलेला चौरस होते. त्याचे दोन्ही कर्ण १,६०० मीटरांचे. क्षेत्रफळ = १/२ × १,६०० × १,६०० = १२,८०,००० चौरस मीटर, म्हणजे १२८ हेक्टर.

आता स्टेशनाचे दार रुळांच्या एकाच बाजूला आहे आणि पलीकडे जाण्यास जवळ पूल नाही असे समजा. चौरसाचा निम्मा भाग गेला, उरले ६४ हेक्टर. कंपासने काढलेल्या २०१ हेक्टरांपैकी हाती लागली तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी जमीन! अशा ठिकाणी एक पादचारी पूल आणि रुळांपलीकडे एक दुसरे दार केले, की ६४ हेक्टर जमीन स्टेशनाच्या 'जवळ' येते. एवढ्या थोड्या खर्चात एवढी जमीन दुसऱ्या कोणत्याही मार्गाने जवळ आणता येणार नाही. वसाहतींच्या लांबच लांब कुंपणभिंतींनीही वर्तुळ असेच आकसते. भिंतीत एक छोटी वाट ठेवली तरी पाच मिनिटांची चाल वाचू शकते.

वर्तुळात काय असावे?

नुसती घरे भरून चालत नाही. सगळी घरे एका टोकाला आणि सगळी कामे दुसऱ्या टोकाला असली, तर सकाळची गाडी एका दिशेने तुडुंब भरते आणि परतताना रिकामी धावते. खर्च दोन्ही खेपांचा होतो, उत्पन्न एकीचेच मिळते.

ही गोष्ट जपानमधील इचिझो कोबायाशी यांनी फार लवकर ओळखली. किर्लोस्करवाडी वसली त्याच १९१० साली त्यांनी ओसाकाजवळ विजेवर चालणारी रेल्वे सुरू केली. मार्ग विरळ वस्तीतून जात होता. त्यांनी स्टेशनाजवळ जमीन घेऊन घरे बांधली आणि ती मध्यमवर्गीयांना हप्त्याने विकली. मार्गाच्या दुसऱ्या टोकाला ताकाराझुका येथे करमणुकीची सोय केली. तेथील नाट्यसंस्थेचे प्रयोग १९१४ पासून होत आहेत. ओसाकाच्या टोकाला स्टेशनातच त्यांनी १९२९ मध्ये मोठे दुकान काढले. सकाळी कामगार आणि कारकून शहराकडे, दुपारी खरेदीला बायका-मुले, सुटीच्या दिवशी सारे कुटुंब उलट दिशेला. अशा रीतीने गाड्या दोन्ही दिशांनी भरू लागल्या.

आपल्याकडे ही मिसळ नवी नाही. साताऱ्यातील शनिवार, मंगळवार, सदाशिव या पेठा आठवा. खाली दुकान, वर घर, पलीकडच्या गल्लीत शाळा आणि देऊळ. पेठ ही पायी चालणाऱ्यांसाठीच बनली होती. नव्या वसाहतींत आपण घरे एकीकडे, बाजार दुसरीकडे आणि शाळा तिसरीकडे नेली आणि मग प्रत्येक कामाला पेट्रोल लागू लागले.

वर्तुळात काय नसावे हेही सांगायला हवे. मोटार उभी करायला, वळवायच्या जागेसह सुमारे २५ चौरस मीटर लागतात. म्हणजे एका हेक्टरात ४०० मोटारी. त्या सकाळी येऊन उभ्या राहतात आणि दिवसभर ती जागा अडवून ठेवतात. आता स्टेशनासमोर १०० चौरस मीटरांचा एक बसथांबा करा. दर दहा मिनिटांनी बस येते आणि प्रत्येक बसमधून ४० माणसे उतरतात असे धरा. तासाला २४० माणसे झाली. मोटारींतून प्रत्येकी एक माणूस आला असेल, तर त्या ४०० माणसांचे काम हा थांबा पावणेदोन तासांत उरकतो, आणि तेही शंभरपट कमी जागेत. जवळची जमीन मोजकी आहे हे एकदा पटले, की ती उभ्या मोटारींना देणे किती महाग पडते हे सांगावे लागत नाही.

सांगली ते मिरज : एका ओळीतली तीन स्टेशने

हे सर्व आपल्या भागाला लावून पाहू. सांगली आणि मिरज ही शहरे जेमतेम आठ-दहा किलोमीटर अंतरावर आहेत. पूर्वी दोन वेगळी संस्थाने होती. मिरज हे लोहमार्गाचे जंक्शन, तर सांगलीला मिरजेहून एक छोटा फाटा १९०७ साली आला. आज पुणे-मिरज मार्गावर सांगली, विश्रामबाग आणि मिरज अशी तीन स्टेशने ओळीने येतात. दोन शहरांच्या मधल्या पट्ट्यात विलिंग्डन कॉलेज (१९१९) आणि वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय (१९४७) आहे. जिल्हाधिकारी कार्यालयही याच पट्ट्यात विजयनगरला आले. १९९८ मध्ये सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून एकच महानगरपालिका झाली.

प्रत्येक स्टेशनाभोवती २०० हेक्टर, म्हणजे तीन वर्तुळांत ६०० हेक्टर. हेक्टरी २०० माणसे धरली, तर १,२०,००० लोक. २०११ च्या जनगणनेत या महानगरपालिकेची लोकसंख्या पाच लाखांच्या थोडी वर होती. म्हणजे जवळजवळ एक-चतुर्थांश शहर तीन स्टेशनांपासून दहा मिनिटांच्या चालीत राहू शकेल. अर्थात हा वरच्या मर्यादेचा हिशेब आहे. मिरजेसारख्या जंक्शनात वर्तुळाचा बराच भाग रेल्वेच्याच यार्डाने व्यापलेला असतो, रस्ते वाकडे असतात, आणि आज उभी असलेली घरे कोणी पुसून टाकणार नाही. तरीसुद्धा नवी बांधकामे कोठे वाढू द्यावीत, याची दिशा हा आकडा दाखवतो.

सांगलीत आणखी एक हिशेब करावा लागतो. कृष्णेचा पूर २००५, २०१९ आणि २०२१ साली जुन्या शहरात शिरला. नदीकाठच्या सखल भागात नवी वस्ती वाढवणे म्हणजे पुढच्या पुराला आमंत्रण देणे होय. विश्रामबाग-मिरजेकडील जमीन नदीपासून दूर आणि तुलनेने उंच आहे. तेव्हा येथे स्टेशनाभोवती वाढ करणे हे प्रवासाच्या आणि पुराच्या अशा दोन्ही दृष्टींनी शहाणपणाचे ठरते. वर्तुळ काढल्यावर त्यातून पूररेषेच्या आतील भाग वजा करायचा, हा नियम पक्का लक्षात ठेवा.

साताऱ्याचे खरे स्टेशन कोणते?

आता एक आक्षेप. मिरज मार्गावरील गाड्या काही मुंबईच्या लोकलसारख्या दर चार मिनिटांनी येत नाहीत. दिवसातून मोजक्या वेळा गाडी येत असेल, तर तिच्याभोवती घरे बांधून रोजचा प्रवास कसा सुटेल? आक्षेप रास्त आहे. वर्तुळाचा मध्यबिंदू कोठे धरायचा हे इमारतीच्या पाटीवर ठरत नाही. वाहन किती वेळा येते यावर ते ठरते.

ही कसोटी लावली, तर साताऱ्याचे आजचे खरे स्टेशन म्हणजे तेथील एस.टी. स्टँड. दिवसभर गाड्या येतात-जातात आणि जिल्हाधिकारी कार्यालय, पोवई नाका ही ठिकाणे पायी जाण्याच्या अंतरात आहेत. तेव्हा पहिले वर्तुळ येथे काढावे. मग माहुलीच्या स्टेशनाचे काय? ते सरकवता येणार नाही, पण वेळेच्या हिशेबात जवळ आणता येईल.

शहरातून माहुलीपर्यंत सहा किलोमीटर धरा. ताशी २० किलोमीटर वेगाच्या बसला १८ मिनिटे लागतील. थांब्यापर्यंत चालायला ५ मिनिटे. आता वाट पाहण्याचा वेळ. माणूस वेळापत्रक न पाहता थांब्यावर आला, तर सरासरीने त्याला दोन बसांमधील अंतराच्या निम्मा वेळ थांबावे लागते. बस तासाला एक असेल तर ३० मिनिटे, दर दहा मिनिटांनी असेल तर ५ मिनिटे. म्हणजे एकूण प्रवास पहिल्या वेळी ५३ मिनिटे आणि दुसऱ्या वेळी २८ मिनिटे. रस्ता तोच, बस तीच, अंतरही तेच, तरी वेळ जवळजवळ निम्मा झाला. वेळापत्रक पाठ असले तर तासाच्या बसलाही कमी थांबावे लागेल हे खरे, पण मग सगळे काम त्या एका बसच्या वेळेला बांधले जाते.

बसच्या आधाराने आख्खे शहर वळवता येते, याचे उदाहरण ब्राझीलमधील कुरितिबा शहर आहे. वास्तुशास्त्रज्ञ जैमे लेर्नर तेथे महापौर असताना, १९७४ मध्ये बससाठी स्वतंत्र मार्गिका सुरू झाल्या. उंच इमारतींना परवानगी त्या मार्गांच्या लगतच, बाकी ठिकाणी बैठी घरे, असा नियम केला. भुयारी रेल्वेचा खर्च परवडणारा नव्हता, म्हणून त्यांनी बसच नियमित आणि वेगवान केली. सांगली-मिरज रस्ता किंवा सातारा-माहुली रस्ता यांचा विचार करताना हे उदाहरण अधिक जवळचे आहे.

वाढलेली किंमत कोणाची?

शेवटचा मुद्दा पैशाचा आहे आणि तो टाळता येत नाही. स्टेशन झाले, गाड्या वाढल्या, की शेजारच्या जमिनीचा भाव वाढतो. ही वाढ जमीनमालकाच्या श्रमातून आलेली नसते, ती सर्वांच्या करातून झालेल्या खर्चामुळे आलेली असते. म्हणून तिचा काही भाग परत सार्वजनिक कामाकडे यावा, हे न्याय्य आहे.

यासाठी चटईक्षेत्र निर्देशांक वापरतात. ५०० चौरस मीटरांच्या प्लॉटवर सर्व मजले मिळून ५०० चौरस मीटर बांधकाम करता येत असेल, तर निर्देशांक १, आणि २,००० चौरस मीटर करता येत असेल, तर ४. पुण्यात मेट्रोचे पहिले टप्पे मार्च २०२२ मध्ये सुरू झाले. तेथे स्टेशनांभोवती ५०० मीटरांत काही अटींवर आणि जादा शुल्क भरून ४ पर्यंत निर्देशांक मिळू शकतो.

पण येथे सावध राहावे लागते. मजले वाढले, पण पदपथ, पाणी, मैलानिःसारण आणि शाळा वाढल्या नाहीत, तर वर्तुळात नुसती गर्दी होते. दुसरे असे की, भाव वाढला की भाड्याने राहणारे, हातगाडीवाले, मोलकरणी, हमाल यांना दूर जावे लागते. ज्यांच्याकडे वाहन नाही, ज्यांना स्टेशनाची सर्वांत जास्त गरज आहे, तेच वर्तुळाबाहेर फेकले जातात आणि ज्यांच्या दारात दोन मोटारी आहेत ते आत येतात. मग सगळे गणितच उलटे होते. म्हणून वर्तुळातील काही घरे लहान आणि परवडणारी असावीत, हा नियम दयेपोटी करायचा नसतो. त्याशिवाय योजनाच चालत नाही.

पुणे-मिरज मार्गाच्या दुहेरीकरणाचे आणि विद्युतीकरणाचे काम अलीकडच्या वर्षांत हाती घेतले गेले. रूळ वाढले की अधिक गाड्या सोडणे शक्य होते. माहुली, ओगलेवाडी, विश्रामबाग येथील शेतांचे प्लॉट कसे पडतात, त्यांत वाट कोठे सुटते आणि भिंत कोठे उभी राहते, यावर या स्टेशनांचे 'रोड' होणार की 'वाडी' होणार हे ठरेल. तुम्ही नोकरीला लागाल तेव्हा रोज या रचनेतूनच ये-जा कराल.

करून पाहा

१. आपल्या गावाचा नकाशा मिळवा. ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेतील नकाशा उत्तम, नाहीतर मोबाइलवरील उपग्रह नकाशा चालेल. स्टेशन किंवा एस.टी. स्टँड मध्यबिंदू धरून ८०० मीटर त्रिज्येचे वर्तुळ काढा.

२. चार मित्रांनी चार दिशांना घड्याळ लावून नेहमीच्या चालीने दहा मिनिटे चालावे. जेथे पोचाल तेथे नकाशावर खूण करा. खुणा जोडा. ही आकृती वर्तुळात किती बसते? चौकटीच्या कागदावर चौकोन मोजून दोन्ही क्षेत्रफळांचे गुणोत्तर काढा.

३. ज्या दिशेला खूण सर्वांत जवळ पडली तेथे अडथळा कशाचा आहे? भिंत, ओढा, रूळ की पदपथाचा अभाव? कोणत्या एका दुरुस्तीने ती सर्वांत अधिक पुढे सरकेल?

४. एका थांब्यावर तासभर उभे राहून प्रत्येक बसची वेळ टिपा. दोन बसांमधील अंतरे काढा. अंतरे सारखी असताना आणि नसताना वाट पाहण्याच्या सरासरी वेळेत काय फरक पडतो? (सूचना : तासाला सहा बस आहेत, पण त्या तीन-तीनच्या गटाने एकदम येतात असे मानून हिशेब करून पाहा.)

शिक्षकांनी चारही गटांचे नकाशे एकावर एक ठेवून वर्गात चर्चा घ्यावी. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर नीट निघाले, तर ते नकाशासह नगरपालिकेला किंवा ग्रामपंचायतीला जरूर द्यावे.